सामान आपलं, कागद कुणाचा?

(महिला संघटनांच्या कार्यकर्त्यांसाठी झालेल्या शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



'पॅकर्स-मूव्हर्सचं कोटेशन कसं समजून घ्यावं' हा विषय वाचून काही जणी हसल्या, ते मी पाहिलं. हा काय चळवळीचा विषय झाला? एमएसडब्ल्यू करताना आम्हालाही तो कुणी शिकवला नव्हता. सल्ला केंद्रात बसायला लागल्यावर तो समोर आला. बाई घर सोडायचं ठरवते, तिथपर्यंत आपण तिच्याबरोबर असतो. पण कपाट, शिलाई मशीन, मुलांची पुस्तकं हलवायची वेळ आली की "गाडीचं बघेल भाऊ" म्हणून मोकळ्या होतो.

आमच्या केंद्रात येणारी एक परिचारिका सासर सोडून पुण्याहून नागपूरला माहेरी निघाली. भावाने फोनवर विचारलं, उत्तर आलं, "सगळं मिळून १४,०००." घरी येऊन सामान कुणी पाहिलं नाही. नागपूरला गाडी दारात उभी राहिली आणि मागणी झाली २१,५०० ची. सामान जास्त निघालं, मोठी गाडी लागली, त्याचे ३,५००. पुण्यात तिसरा मजला, लिफ्ट नाही, त्याचे २,०००. विमा १,२००. टोल ८००. "पैसे द्या, मग दार उघडतो." पोरांचे कपडे आत, ही बाहेर. तिने दागिना ठेवून पैसे दिले. नंतर तक्रार करायला गेली तर उत्तर मिळालं, "आमचं बोलणं साहेबांशी झालंय." पावतीही भावाच्याच नावावर होती.

ह्यात चुकलं काय? बाईला हिशेब येत नव्हता असं नाही. हिशेब करायला तिच्या हातात कागदच नव्हता.

कोटेशन कसं बनतं ते पाहू. मूळ भाडं ठरतं अंतरावर आणि सामान गाडीत किती जागा खाईल त्यावर. छोटा हत्ती पुरेल की चौदा फुटी गाडी लागेल, हे सामान पाहिल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही. म्हणून फोनवरचा आकडा हा आकडाच नव्हे. कंपनीच्या माणसाला घरी बोलवा, निदान सगळ्या खोल्यांचं चित्रीकरण पाठवा. माळा आणि पलंगाखालचं सामान दाखवायला विसरू नका, वाद तिथूनच सुरू होतात.

मग विचारा : गाडी फक्त आपल्या सामानाची, की दुसऱ्यांचंही त्यात येणार? वाटून घेतलेली गाडी स्वस्त पडते, पण पोचायला दिवस जास्त लागतात आणि वाटेत सामान दुसऱ्या गाडीत चढवलं जाऊ शकतं. भाडं, बांधणीचं साहित्य, हमाली, दोन्हीकडचे मजले, पलंग-कपाट खोलणं-जोडणं, टोल, जीएसटी, विमा ह्या सगळ्यांच्या रकमा वेगवेगळ्या लिहून घ्या. खाली एक वाक्य लिहून घ्या : यादीतलं सामान वाढलं नाही तर रक्कम वाढणार नाही. तीन ठिकाणची कोटेशनं घेतलीत की कुणी काय गाळलंय ते आपोआप दिसतं. फार कमी आकडा दिसला तर आनंदू नका. आणि घासाघीस करताना हमालाची मजुरी कापू नका. तीही आपल्यासारखीच घाम गाळणारी माणसं आहेत.

भाडं वेगळं लिहून घ्यायचं आणखी एक कारण आहे. रस्त्याने माल वाहून नेणाऱ्यांसाठी २००७ चा कायदा आहे आणि २०११ चे नियम आहेत. त्यानुसार नुकसान झालं तर वाहतूकदाराची जबाबदारी साधारणपणे भाड्याच्या दहापटीपर्यंत, आणि तीही आपण जाहीर केलेल्या किमतीच्या आतच असते. त्यापेक्षा मोलाचं सामान असेल तर तसं आधी लिहून, जादा दर देऊन ठरवावं लागतं. विम्याचे पैसे घेतले तर विमा कंपनीचा कागद मागा. मोडतोडीची लेखी नोटीस माल नोंदवल्यापासून १८० दिवसांच्या आत द्यावी लागते. दागिने आणि कागदपत्रं मात्र गाडीत घालायचीच नाहीत, ती आपल्या पिशवीत.

आता माझा मुख्य मुद्दा. कोटेशन, सामानाची यादी आणि बिल्टी, तिन्ही त्या बाईच्याच नावावर हवीत. फोन भावाने केला तरी चालेल, सही तिची. स्त्रीधन ही बाईची स्वतःची मालमत्ता आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट सांगितलं. पण कोर्टात विचारतात, काय काय होतं? तेव्हा तारीख घातलेली, दोन साक्षीदारांच्या सह्यांची यादी उपयोगी पडते. नवरा सामान नेऊ देत नसेल तर झटापट करू नका. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली स्त्रीधन परत देण्याचा आदेश दंडाधिकारी देऊ शकतात. त्यासाठी संरक्षण अधिकाऱ्यांकडे जा.

आणि दारात गाडी अडवलीच तर? ठरलेली रक्कम देणं आपल्यावर बंधनकारक आहे, मनाला येईल ती नाही. आधी कोटेशन पुढे करा. १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. नाइलाजाने पैसे द्यावेच लागले तर पावतीवर 'जादा रक्कम मान्य नाही' असं लिहून सही करा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. म्हणजे नागपूरला गेलेल्या बाईला पुण्याला खेटे घालायला नकोत.

आपल्या प्रत्येक केंद्रात सामानाच्या यादीचा एक छापील नमुना ठेवूया. आणि सामान पाहायला माणूस येईल त्या दिवशी आपल्यातली एक जण तिथे हजर राहूया. त्या परिचारिकेला आम्ही एवढंही केलं नव्हतं, म्हणून आज हे बोलले.