बर्फगाडीची दातेरी चाके

बर्फगाडीच्या इंजिनाचा जोर गाडीखाली फिरणाऱ्या पट्ट्यापर्यंत पोचतो तो दातेरी चाकांतून, म्हणजेच ड्राइव्ह स्प्रॉकेटमधून. क्युबेकमधील व्हाल्कूरच्या जोसेफ-आर्मां बोंबार्डिए यांनी १९३७ साली पेटंट मिळवले ते चाक आणि पट्टा या जोडीचे. जुन्या गाडीचा मालक नेमकी ही जोडीच विसरतो आणि नुसते चाक शोधत सुटतो.

युटा राज्यातील लोगनच्या थायोकोल गाड्यांचेच पाहावे. रॉकेटचे घन इंधन बनवणाऱ्या या कंपनीचा बर्फगाड्यांचा विभाग १९७८ साली मोटारवाल्या जॉन डेलोरियन यांनी घेतला. पुढे त्याचे नाव एलएमसी झाले आणि २००० साली कारखाना थांबला. आता चाक मिळते ते जुने सुटे भाग बाळगणाऱ्या व्यापाऱ्याकडे किंवा मोडीत निघालेल्या गाडीवर. मोडीतले चाक स्वस्त पडते, पण त्यावरचे जुने रबर कडक होऊन चिरलेले असते. रंग देऊन विकले, म्हणून ते नवे होत नाही.

चाक आणि पट्टा या जात्याच्या दोन पाळ्या आहेत. दोन्ही एकमेकांवर घासत झिजतात. वरच्या पाळीला टाकी लावली आणि खालची गुळगुळीतच ठेवली, तर दाणे भरडलेच जातात, पीठ होत नाही; वर त्यात कच येते ती वेगळीच. वापराने ताणून लांबलेल्या पट्ट्यावर नवे चाक बसवले की पट्ट्यावरच्या आडव्या पट्ट्या, म्हणजे आडपट्ट्या, दात्याच्या मुळाशी न बसता त्याच्या माथ्यावर चढतात आणि नवे दाते थोड्याच दिवसांत आकड्यासारखे वाकडे झिजतात.

म्हणून आधी माप पट्ट्याचे घ्यावे. दोन आडपट्ट्यांमधले अंतर एकदाच मोजणे हा आळस झाला. पट्टा ताठ करून दहा अंतरे एकदम मोजावीत आणि दहाने भागावे. बारीक चूकही दर दात्यागणिक साचत जाते. मग दात्यांची संख्या, चाकाची जाडी, मधल्या भोकाचा व्यास, बोल्टांची संख्या आणि बोल्ट ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास. दोन्ही बाजूंचे दाते सारखेच हवेत, नाहीतर गाडी एका अंगाला ओढते. पण पुन्हा तेच: पट्टा मोजल्याशिवाय यातले एकही माप चाक बनवणाऱ्या कारागिराच्या हाती देऊ नये.

दाते दोन्ही अंगांनी सारखे असतील आणि एकाच अंगाने झिजले असतील, तर डावे-उजवे चाक अदलाबदल करून आणखी काही हंगाम निघतात. नवे करायचे झाल्यास लोखंडी गाभ्यावर पॉलियुरेथेन ओतून घेता येते किंवा जाड पॉलिएथिलीनच्या फळीतून कापून घेता येते. कोणत्या थंडीला कोणता कडकपणा, हा विषय मोठा आहे.

चाक बसवल्यावर गाडी उचलून, पट्टा थोडा सैल ठेवून, इंजिन बंद असतानाच तो हाताने पूर्ण एक फेरी फिरवावा. प्रत्येक आडपट्टी दात्यात बसते की नाही हे पाहावे, आणि मगच ताण द्यावा.