लशीचे बळ आणि वस्तीचे पाणी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा संपादित मजकूर)

रोगप्रतिबंधक लस ही विज्ञानाची सर्वांत समतावादी देणगी मानली जाते. गिरणीमालकाच्या नातवाला आणि वीटभट्टीवरील मजुराच्या मुलाला तेच दोन थेंब मिळतात. वाटपापुरते हे खरे आहे. परंतु परिणामापुरतेही ते खरे आहे काय? या प्रश्नाचे उत्तर उष्ण कटिबंधातील गेल्या पन्नास वर्षांच्या संशोधनाने दिलेले आहे. ते केवळ वैद्यकाचे उत्तर नाही. म्हणून समाजपरिवर्तनाचे काम करणाऱ्यांनी ते समजून घेतले पाहिजे.

पोलिओचे उदाहरण घेऊ. आल्बर्ट सेबिन यांच्या तोंडी लशीत दुबळे केलेले जिवंत विषाणू असतात. ते बालकाच्या आतड्यात वाढले, तरच शरीर त्यांना ओळखते आणि प्रतिकारशक्ती निर्माण करते. युरोप-अमेरिकेत तीन डोसांनंतर जवळजवळ सर्व बालके सुरक्षित होत असत. भारतातही तसेच घडेल, हे गृहीत धरले गेले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील डॉ. टी. जेकब जॉन यांनी १९७० च्या दशकात हे गृहीत तपासून पाहिले. पोलिओच्या विषाणूचे तीन प्रकार आहेत. त्यांपैकी पहिल्या व तिसऱ्या प्रकाराविरुद्ध, तीन डोस घेऊनही सुमारे एक-तृतीयांश बालके अरक्षितच राहतात, असे त्यांना आढळले. डोस वाढवावेत, आणि मृत विषाणूच्या, इंजेक्शनने द्यावयाच्या लशीचाही विचार व्हावा, असा त्यांचा आग्रह होता. तथापि १९७९ साली राष्ट्रीय कार्यक्रमात तोंडी लशीचा समावेश झाला, तो तीन डोसांच्याच हिशेबाने.

लस निकृष्ट होती काय? तसे नव्हे. कुपीतील विषाणू तोच होता. ज्या आतड्यात तो उतरत होता, त्या आतड्याची परिस्थिती वेगळी होती. जेथे पिण्याचे पाणी आणि मैला यांच्यामधील भिंत तकलादू असते, तेथे बालकाच्या आतड्यात इतर विषाणूंची वस्ती आधीच झालेली असते आणि लशीच्या विषाणूला जागा मिळत नाही. वारंवार होणारा अतिसार त्याला टिकू देत नाही. घाणीतील जंतूंच्या सततच्या माऱ्याने आतड्याचे अस्तर झिजते. त्यामुळे अन्न अंगी लागत नाही आणि लसही लागू पडत नाही. म्हणजे अस्वच्छता दोनदा वार करते: एकदा रोग पसरवून, आणि दुसऱ्यांदा त्या रोगावरील औषधाची धार बोथट करून.

याचे माप पुढे आकड्यांत मिळाले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाच्या अंदाजानुसार, पहिल्या प्रकारच्या पोलिओविरुद्ध तिहेरी लशीच्या एका डोसाचे संरक्षण उत्तर प्रदेशात अवघे ९ टक्के, बिहारमध्ये १८ टक्के आणि उर्वरित भारतात सुमारे २१ टक्के होते. ९ टक्क्यांचा हिशेब मांडून पाहावा. शंभर बालकांना असे दहा-दहा डोस दिले, तरी त्यांतील सुमारे ३९ बालके अरक्षितच राहतात!

आणि त्याच काळात दोष कोणाला दिला जात होता? पश्चिम उत्तर प्रदेशातील गरीब, विशेषतः मुस्लिम, वस्त्यांना. ‘हे लोक अडाणी आहेत, अफवांवर विश्वास ठेवतात, मुलांना डोस पाजत नाहीत,’ हे वाक्य सरकारी बैठकांपासून शहरी दिवाणखान्यांपर्यंत सर्वत्र ऐकू येत असे. थेंबांमुळे वंध्यत्व येते अशा अफवा होत्या आणि काही ठिकाणी नकारही होता, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु अनेक डोस घेतलेली मुलेही लुळी पडत होती. ज्या आईने सात-आठ वेळा मूल पुढे केले आणि तरीही त्याचा पाय गेला, तिचा लशीवरील विश्वास उडाला असेल, तर त्याला अडाणीपणा म्हणावे काय? तिच्या अनुभवात तथ्य होते. तिला खरे कारण सांगणारे मात्र कोणी नव्हते.

संशोधनाने वाट काढली, हेही तितकेच आवर्जून सांगितले पाहिजे. लशीतील तीन प्रकार एकमेकांच्या वाढीस अडथळा करतात आणि त्यांत दुसरा प्रकार वरचढ ठरतो, हे ठाऊक होते. हा दुसरा प्रकार निसर्गात शेवटचा आढळला तो १९९९ साली, अलीगढमध्ये. म्हणून २००५ पासून एकाच प्रकाराची लस वापरात आली. उत्तर प्रदेशात तिच्या एका डोसाचे बळ तिहेरी लशीच्या सुमारे तिप्पट ठरले. २०१० साली पहिल्या व तिसऱ्या प्रकारांची दुहेरी लस आली. उत्तर प्रदेश व बिहारमधील सर्वाधिक धोक्याचे १०७ विकासगट निवडून तेथे लसीकरणाबरोबर हात धुणे, स्वच्छता, स्तनपान आणि अतिसारावरील उपचार यांवरही भर दिला गेला. २००९ साली देशात ७४१ रुग्ण होते, २०१० साली ४२. आणि १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात शेवटचा रुग्ण नोंदला गेला. मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त घोषित झाला. जेकब जॉन ज्या इंजेक्शनच्या लशीसाठी आग्रह धरीत होते, ती राष्ट्रीय कार्यक्रमात आली नोव्हेंबर २०१५ मध्ये.

परंतु लशीच्या बळात जी तूट होती, ती भरून कोणी काढली? एकेका राष्ट्रीय फेरीत सुमारे १७ कोटी बालकांना थेंब पाजले जात. त्यासाठी वीस लाखांहून अधिक माणसे घरोघर, वीटभट्ट्यांवर, रेल्वे स्थानकांवर आणि कोसी नदीच्या पुरातील वाड्यांवर फिरत होती. त्यांत अंगणवाडी सेविका आणि आशा कार्यकर्त्या मोठ्या संख्येने होत्या. जे काम चांगल्या पाण्याने आणि गटारांनी निम्मे हलके केले असते, ते त्यांच्या पायपिटीने पार पाडले. देशाने त्यांचा गौरव केला. वेतन मात्र दिले नाही. मानधन आणि कामागणिक मोबदला यांवरच त्यांची बोळवण होत आली.

मित्रहो, यातून दोन चुकीचे निष्कर्ष निघू शकतात. पहिला असा की, उष्ण प्रदेशात लस दुबळी पडते, तर ती हवी कशाला? रोटाविषाणूमुळे होणाऱ्या अतिसारावरील लस याला उत्तर देते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत १९८० च्या दशकात नवजात बालकांत आढळलेल्या विषाणूपासून, डॉ. महाराजकिशन भान आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून, स्वदेशी लस तयार झाली. दिल्ली, वेल्लोर आणि पुण्याजवळील वढू येथे तिची चाचणी झाली. तीव्र आजारापासून तिचे संरक्षण सुमारे ५४ टक्के ठरले. श्रीमंत देशांत अशा लशी ८५ टक्क्यांहून अधिक संरक्षण देतात. परंतु जेथे आजारच अधिक, तेथे निम्मे संरक्षणही अधिक बालके वाचविते. आफ्रिकेतील अशाच एका चाचणीत मलावीमध्ये लशीची टक्केवारी दक्षिण आफ्रिकेपेक्षा बरीच कमी होती. तरीही शंभर बालकांमागे टळलेले गंभीर आजार मलावीतच अधिक होते. म्हणून लस नाकारणे म्हणजे गरिबाच्या हातातील अर्धी भाकरीही काढून घेणे होय.

दुसरा निष्कर्ष अधिक प्रतिष्ठित, म्हणूनच अधिक घातक आहे. लस पोचली की सरकारचे कर्तव्य संपले, नळ आणि गटारे सवडीने पाहू, असे तो मानतो. पोलिओ गेला, पण ज्या पाण्याने त्याच्यावरील लस दुबळी केली, ते पाणी अनेक वस्त्यांत अजून तसेच आहे. उद्याच्या तोंडी लशींचीही गाठ त्याच पाण्याशी पडणार आहे.

तेव्हा कार्यकर्त्याने लसीकरणाच्या दिवशी वस्तीत जावे, शंका घेणाऱ्या आईचे म्हणणे आधी ऐकून घ्यावे आणि डोस का पुन्हा पुन्हा द्यावा लागतो, हे तिला तिच्या भाषेत समजावून सांगावे. त्याच वस्तीतील जलवाहिनी कोठे गटारातून जाते, याची नोंद करून ती नगरपालिकेसमोर मांडावी. आशा व अंगणवाडी सेविकांच्या वेतनाच्या लढ्यात उभे राहावे. आणि परदेशात सिद्ध झालेली प्रत्येक लस येथील बालकांत, येथील परिस्थितीत तपासली जावी, त्यासाठी सार्वजनिक संशोधनसंस्थांना पैसा मिळावा, ही मागणी आपल्या कार्यक्रमात ठळकपणे असावी. वेल्लोरमध्ये जे १९७० च्या दशकात कळले होते, ते धोरणात उतरायला तीन दशके लागली. त्या विलंबाची किंमत ज्या मुलांनी आपल्या पायांनी मोजली, ती बहुतेक गरिबांची मुले होती.