श्वासपटलाचे मोजमाप : हालचाल आणि श्रम



शाळेच्या प्रयोगशाळेतील श्वसनाची प्रतिकृती अनेकांच्या स्मरणात असेल. बूड नसलेली काचेची हंडी, आत दोन फुगे आणि तळाला ताणून बांधलेला रबरी पडदा. पडदा खाली ओढला की फुगे फुगतात. सोडला की मिटतात. श्वसनाचे तत्त्व एवढ्यात उमगते. मात्र या प्रतिकृतीत एक उणीव आहे : रबर स्वतः काहीच करीत नाही, ओढणारा हात वेगळा असतो. छाती आणि पोट यांच्या सीमेवरील श्वासपटल हा घुमटाकार स्नायू आहे. मानेतून निघणाऱ्या चेतातंतूंच्या आज्ञेने तो स्वतः आकुंचन पावतो आणि खाली सरकतो.

हे सरकणे मोजता येते. शांत श्वासात ते १ ते २ सेंटीमीटर असते. निरोगी प्रौढाच्या खोल श्वासात ६-७ सेंटीमीटरपर्यंत जाते. १८९५ मध्ये राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला आणि जिवंत माणसाचे श्वासपटल पाहणे शक्य झाले. फ्ल्युओरोस्कोपी या चलत्-प्रतिमेच्या तपासणीत रुग्णास नाकाने झटकन हुंगावयास सांगतात. निरोगी घुमट तत्काळ खाली जातो. लुळी पडलेली बाजू उलट वर उचलली जाते.

आज हेच काम सोनोग्राफीने रुग्णाच्या खाटेशीच होते, तेही क्ष-किरणांविना. उजवीकडे यकृतातून ध्वनिलहरींना सुगम वाट मिळते. डावीकडे जठरातील वायू अडथळा आणतो. पडद्यावर श्वासागणिक एक तरंग उमटतो आणि त्याच्या उंचीवरून पटल किती सरकले ते कळते.

व्हेंटिलेटरवरील रुग्णाच्या बाबतीत मात्र प्रतिकृतीतील ती उणीव पुन्हा समोर येते. यंत्र हवा आत ढकलते आणि पटल खाली जाते. परंतु श्रम यंत्राचे असतात. म्हणून तेथे केवळ अंतर मोजून स्नायूचे बळ कळत नाही. अशा वेळी बरगड्यांलगत पटलाची जाडी मोजतात. काम करणारा स्नायू श्वास घेताना जाड होतो. रुग्ण स्वतः जोर लावीत असतानाही ही वाढ २० टक्क्यांहून कमी राहिली, तर पटल लुळे पडल्याची शंका घेतली जाते.

या मोजमापाचे मोल मोठे आहे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, १८ ते ६९ तास ज्यांचे श्वासपटल पूर्णतः निष्क्रिय राहिले होते अशा मेंदूमृत अवयवदात्यांमध्ये, त्या स्नायूचे तंतू लक्षणीय बारीक झालेले आढळले. म्हणजे यंत्राचा आधार फार लांबला तर स्नायू क्षीण होतो, आणि घाईने काढला तर रुग्ण दमून पुन्हा यंत्रावर जातो. शुद्धी, खोकल्याचा जोर, रक्तातील प्राणवायू यांच्या जोडीनेच हे आकडे वाचावे लागतात. एकटा आकडा निर्णय देत नाही.

अतिदक्षता विभागाबाहेर थांबलेले आप्त ‘श्वास चालू आहे ना?’ असे विचारतात. तो प्रश्न स्वाभाविकच आहे. त्यापुढचा प्रश्नही त्यांनी डॉक्टरांना निःसंकोचपणे विचारावा : त्या श्वासात रुग्णाचा स्वतःचा वाटा किती?