विणकाम करणारी गुप्तहेर आजी

भाकऱ्या झाल्या असतील, गोठ्यातलं आवरलं असेल, तर जरा रेडिओजवळ सरका. आज आम्ही ना बियाण्यांवर बोलणार, ना बँकेच्या कर्जावर. आज बोलायचं आहे गोष्टीतल्या गुप्तहेरांबद्दल.

गुप्तहेर म्हटलं की डोळ्यांपुढे पुरुषच उभा राहतो. इंग्लंडात आर्थर कॉनन डॉयल नावाच्या डॉक्टरांनी १८८७ साली शेरलॉक होम्स लोकांपुढे आणला. पुढे कंटाळून त्यांनी त्याला गोष्टीत मारून टाकलं, तर वाचक इतके हळहळले की काही वर्षांनी त्याला परत जिवंत करावं लागलं! आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार आणि काळा पहाड घरोघरी वाचले जात. १९९३ साली दूरदर्शनवर ब्योमकेश बक्षी आला, तोही पाहिलेल्या बायका आपल्यात असतील. हे सगळे हुशार, धाडसी, आणि सगळे बाप्ये.

पण आमची आवडती आहे एक म्हातारी. तिचं नाव मिस मार्पल. लग्न न केलेली, सेंट मेरी मीड नावाच्या लहानशा इंग्रजी खेड्यात राहणारी, हातात कायम लोकर आणि सुया. तिला लिहिलं अगाथा ख्रिस्ती या बाईंनी. पहिल्या महायुद्धात त्यांनी दवाखान्यात औषधं देण्याचं काम केलं होतं, त्यामुळे विषांची माहिती पक्की.

मिस मार्पलची पहिलीच गोष्ट ऐका. १९२७ सालची आहे. तिच्या घरी मंडळी जमलीत: लेखक असलेला भाचा, एक चित्रकार बाई, वकील, धर्मगुरू आणि पोलीस खात्यातले निवृत्त मोठे साहेब. ठरतं की दर मंगळवारी एकेकाने खरी घडलेली अवघड घटना सांगायची आणि बाकीच्यांनी ती सोडवायची. माणसं मोजली जातात, तर पाचच भरतात. कोपऱ्यात विणत बसलेल्या घरमालकिणीला कुणी धरलेलंच नसतं! ती हळूच आठवण करून देते. बैठकीत आपण बसलोय आणि मोजदादीत नाही, हे कसं असतं ते तुम्हाला आम्ही काय सांगायचं.

साहेब घटना सांगतात. नवरा, बायको आणि बायकोच्या सोबतीला ठेवलेली बाई असे तिघं रात्री एकत्र जेवले. डब्यातली शेवंड होती, शेवटी गोड होतं. तिघांनाही त्रास झाला, बायको मेली. आधी वाटलं, शेवंड बाधली. मग कळलं की पोटात सोमल होता. नवरा फिरता विक्रेता. तो ज्या हॉटेलात उतरला होता तिथल्या टीपकागदावर त्याच्या पत्रातले काही शब्द उमटलेले सापडले. त्यात बायकोच्या मरणाची गोष्ट होती आणि 'शेकडो, हजारो' असे शब्द होते. सगळे म्हणाले, पैसा! पण जेवण तर तिघांचं एकच. मग विष घातलं कशात?

तिथे मिस मार्पलला स्वयंपाकघर आठवतं. इंग्लंडात गोड पदार्थावर साखरेचे रंगीबेरंगी बारीक दाणे भुरभुरतात. त्या दाण्यांचं नावच 'शेकडो, हजारो'! वकील, साहेब, लेखक, एकाच्याही हे डोक्यात येत नाही. सोबतीची बाई वजन कमी करायला गोड खात नव्हती, आणि नवऱ्याने आपल्या वाटणीचे दाणे खरवडून टाकले असणार. ते गोड केलं कुणी? घरच्या तरुण मोलकरणीने. त्या माणसाने तिला लग्नाचं वचन देऊन फसवलं होतं, दिवस गेले होते, आणि काम झाल्यावर त्याने भलतीशीच लग्न केलं. मिस मार्पलला हे सुचलं, कारण तिने आपल्या गावात असाच एक प्रतिष्ठित गृहस्थ पाहिला होता. (शेवट सांगून टाकला, पण त्याशिवाय तिची अक्कल कळली नसती.)

तिची रीत हीच. नवा माणूस दिसला की गावातल्या कुणासारखा आहे ते ती आठवते. आपणही म्हणतोच ना, 'ही अगदी अमकीच्या धाकट्या जावेसारखी'. मग हिच्यात आणि पारावरच्या चहाडीत फरक काय? आमच्या मते फरक मोठा आहे. मिस मार्पलला शंका सगळ्यांची येते, पण पुरावा जुळेपर्यंत ती तोंड उघडत नाही. तिच्या कथांत 'चार संशयित' नावाची एक आहे. घरातल्या चौघांपैकी एक गुन्हेगार, पण तो सापडेपर्यंत बाकी तिघंही त्याच नजरेखाली जगतात. गटाच्या पेटीत शंभर रुपये कमी भरले की काय होतं? किल्ली जिच्याकडे तिच्याकडे सगळ्या बघतात. पुढे वहीत बेरीज चुकलेली सापडते, रुपये जागेवर असतात. पण तोवर त्या बाईने बैठकीला येणं सोडलेलं असतं. म्हणून आधी वही, पावत्या, पासबुक, आणि मग नावं.

या कथांचं 'तेरा कोडी' अशा अर्थाच्या नावाचं इंग्रजी पुस्तक १९३२ साली निघालं. त्यातली आणखी एक गोष्ट आम्ही पुढच्या भागात सांगू, पण अर्धीच. उरलेली तुम्ही गटात बसून सोडवायची, आणि बैठकीत माणसं मोजताना कोपऱ्यातल्या सासूबाईंनाही धरायचं. नमस्कार.