‘फॉरमॅट मारू का?’ – हो म्हणण्यापूर्वी

भाकरी थापता थापता ऐकणाऱ्या, रानातून येऊन नुकतेच हातपाय धुतलेल्या, शिलाई मशीनवर बसलेल्या सगळ्या ताई-मावश्यांना आमच्या ग्रामसंघाचा नमस्कार.

आज आम्ही कॉम्प्युटरविषयी बोलणार आहोत. पण त्याआधी आमची एक चूक सांगतो. आमच्या ग्रामसंघात नऊ बचत गट आहेत, शंभरावर बायका आहेत. दोन वर्षांपूर्वी आम्ही सगळ्यांनी मिळून एक जुना कॉम्प्युटर घेतला. हिशेब त्याच्यावर सुरू झाले. बेरीज आपोआप येते, खाडाखोड नाही, बँकेला द्यायचा कागद पाच मिनिटांत छापून मिळतो. आम्ही इतक्या खूश झालो की चार महिने वही लिहिणंच सोडून दिलं. दुहेरी काम कशाला, असं वाटलं.

मग एक दिवस कॉम्प्युटर सुरू होईना. म्हणजे दिवा लागायचा, पंखा फिरायचा, पण पडद्यावर गोल गोल चक्र फिरत राहायचं. तालुक्याला दुरुस्तीच्या दुकानात नेला. तिथल्या मुलानं विचारलं, "ताई, विंडोज गेलंय. सी ड्राइव्ह फॉरमॅट मारू का? सीमध्ये काही महत्त्वाचं आहे का?" आम्ही एकमेकींकडं बघितलं. सी ड्राइव्ह आम्ही कधी उघडलाच नव्हता. आमच्या सगळ्या फायली पडद्यावर समोरच दिसायच्या, त्याला डेस्कटॉप म्हणतात. आम्ही म्हणालो, "नाही हो, सीमध्ये काही नाही. मारा."

संध्याकाळी कॉम्प्युटर मिळाला. नव्यासारखा पळत होता. आणि डेस्कटॉप रिकामा होता. पडद्यावर दिसणाऱ्या त्या फायली प्रत्यक्षात सी ड्राइव्हमध्येच असतात, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. त्या मुलानं फसवलं नाही. त्यानं विचारलं होतं. आम्हाला प्रश्न समजला नव्हता, आणि समजला नाही हे सांगायची लाज वाटली.

म्हणून आजचं बोलणं. कॉम्प्युटरमध्ये तीन वेगळ्या गोष्टी असतात. एक यंत्र, दुसरी यंत्राला दिलेल्या सूचना, आणि तिसरी आपण त्यात भरलेली माहिती. यंत्राला हार्डवेअर म्हणतात, सूचनांना सॉफ्टवेअर, आणि माहितीला डेटा. या तिन्हींतला फरक कळला की निम्मी भीती जाते.

आधी हार्डवेअर. ज्याला हात लावता येतो ते हार्डवेअर. कीबोर्ड आणि माउस यांनी आपण कॉम्प्युटरला सांगतो, म्हणून ती इनपुटची साधनं. मॉनिटर आणि प्रिंटर आपल्याला उत्तर दाखवतात, ती आउटपुटची साधनं. खालच्या किंवा बाजूच्या पेटीला बऱ्याच जणी सीपीयू म्हणतात. खरं तर ती पेटी म्हणजे कॅबिनेट. सीपीयू हा आतला एक छोटा चौकोनी तुकडा आहे, बिस्किटाएवढा. सगळी आकडेमोड आणि तुलना तोच करतो. तो ज्या मोठ्या पाटावर बसवलेला असतो तो मदरबोर्ड. घरातल्या विजेतून या सगळ्यांना झेपेल एवढी वीज पुरवणारा डबा म्हणजे पॉवर सप्लाय. दुकानात त्याला एसएमपीएस म्हणतात.

आता दोन भाग नीट लक्षात ठेवा, कारण इथंच गफलत होते. एक रॅम आणि दुसरी हार्ड डिस्क. दोन्हींत माहिती राहते. पण रॅम म्हणजे पाटी आणि हार्ड डिस्क म्हणजे वही. आपण टाइप करत असतो तेव्हा ते आधी पाटीवर उमटतं. पाटीवर काम भराभर होतं, म्हणून ती लागतेच. पण वीज गेली की पाटी कोरी. वहीत लिहिलेलं मात्र वीज गेली तरी राहतं. पाटीवरचं वहीत उतरवणं म्हणजेच सेव्ह करणं. कीबोर्डवर कंट्रोलचं बटण दाबून धरायचं आणि एस दाबायचं. काही सॉफ्टवेअर आपलं आपण सेव्ह करतात, पण त्याच्या भरवशावर राहू नका. आमच्याकडं लाइट कधी जाईल याचा नेम नाही. आम्ही दर दोन-तीन नोंदींनंतर कंट्रोल एस दाबतो. यूपीएस असेल तर लाइट गेल्यावर थोडी मिनिटं मिळतात. ती काम पुढं ढकलायला नसतात, सेव्ह करून कॉम्प्युटर नीट बंद करायला असतात.

जुन्या कॉम्प्युटरमध्ये हार्ड डिस्कच्या आत चकती फिरते, नव्यांत बहुधा एसएसडी असते, तिच्यात फिरणारं काही नसतं. दोन्हींचं काम एकच, माहिती जपून ठेवणं. या एका डिस्कचे कपाटासारखे कप्पे करता येतात. त्यांनाच सी ड्राइव्ह, डी ड्राइव्ह अशी नावं असतात. आमचा घोटाळा झाला तो याच कप्प्यांचा.

आता सॉफ्टवेअर. त्याला हात लावता येत नाही. शिलाई मशीन समोर आहे, पण ब्लाउज कसा बेतायचा हे डोक्यात असावं लागतं. मशीन म्हणजे हार्डवेअर, बेतण्याची रीत म्हणजे सॉफ्टवेअर. सॉफ्टवेअरचे दोन प्रकार लक्षात ठेवा. पहिला ऑपरेटिंग सिस्टिम. ही घरातल्या कारभारणीसारखी. कुणी कधी काय करायचं, कुठली वस्तू कुठं ठेवायची, हे ती बघते. विंडोज, लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिम आहेत. दुसरा प्रकार एकेका कामाचा. पत्र लिहायला वर्ड, हिशेबाला एक्सेल. लिबरऑफिस नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यातही पत्र आणि हिशेब दोन्ही होतात.

आणि मैत्रिणींनो, तुमच्या हातातला स्मार्टफोन हाही कॉम्प्युटरच आहे. त्यात सीपीयू आहे, रॅम आहे, फोटो साठवायची जागा आहे. अँड्रॉइड ही त्याची ऑपरेटिंग सिस्टिम. व्हॉट्सअ‍ॅप हे सॉफ्टवेअर. त्याच्या पडद्याला बोट लावून आपण सांगतो आणि तोच पडदा आपल्याला दाखवतो, म्हणजे इनपुट आणि आउटपुट एकाच काचेत. जी बाई फोनवर नातवाचा फोटो पाठवते, तिनं "मला कॉम्प्युटर जमणार नाही" असं म्हणू नये.

हे पुरुषांचं किंवा शिकलेल्यांचंच काम, असंही कुणी मनात आणू नका. पूर्वी कॉम्प्युटर हे यंत्राचं नावच नव्हतं. आकडेमोड करणाऱ्या माणसाला इंग्रजीत कॉम्प्युटर म्हणत, आणि ते काम कितीतरी बायका करत. १९४६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला एनिअ‍ॅक नावाचा कॉम्प्युटर लोकांना दाखवला गेला. एक मोठं दालन व्यापणारं यंत्र, आत सुमारे १८,००० काचेच्या नळ्या. त्याला गणितं कशी सोडवायची ते वायरी आणि बटणं जोडून शिकवलं ते सहा तरुण स्त्रियांनी. म्हणजे सूचना देण्याच्या या कामात बायका पहिल्यापासून आहेत.

तिसरी गोष्ट डेटा. आपली माहिती. कॉम्प्युटरला शून्य आणि एक ही दोनच चिन्हं कळतात. असं एक चिन्ह म्हणजे बिट, आठ बिट म्हणजे एक बाइट. युनिकोडमधलं एक मराठी चिन्ह साठवायला साधारण तीन बाइट लागतात. एका पानावर हजार चिन्हं धरली तर पान झालं तीन हजार बाइटचं. एक जीबी म्हणजे सुमारे शंभर कोटी बाइट. हिशेब करा, एका जीबीत अशी तीन लाखांहून जास्त पानं मावतात. बाजारात मिळणारा साधा पेन ड्राइव्हसुद्धा ३२ जीबीचा असतो. आमच्या नऊ गटांचा हिशेब त्याच्या कोपऱ्यातही भरला नसता. जागा होती, फक्त नक्कल करून ठेवायचं आम्हाला माहीत नव्हतं.

फॉरमॅट म्हणजे तो कप्पा पुसून पुन्हा कोरा करणं. विंडोज बिघडलं तर ते कधी कधी करावं लागतं. त्यात यंत्र जात नाही, सॉफ्टवेअर पुन्हा भरता येतं. पण त्या कप्प्यातला आपला डेटा जातो. तो दुकानात विकत मिळत नाही. चुकून फॉरमॅट झालंच तर कॉम्प्युटर लगेच बंद करून जाणकाराकडं न्यावा, काही वेळा काही परत मिळतं. त्यावर नवं भरत गेलं की आशा कमी होत जाते.

आमचं काय झालं ते ऐका. चार महिन्यांचा हिशेब आम्ही बायकांच्या पासबुकांवरून पुन्हा उभा केला. रोज संध्याकाळी बसायचो. तीन आठवडे गेले. बँकेकडं कर्जाची फाईल उशिरा गेली. एका ताईंनी म्हैस ठरवून ठेवली होती, ती दुसऱ्यानं नेली. आणि एका मावशींचं पासबुक पावसात भिजून शाई पसरली होती. त्या म्हणाल्या, दोन हप्ते भरलेत. पुरावा कुठंच नव्हता. बैठक बसली. कुणीही त्यांच्यावर संशय घेतला नाही, तसा ठराव केला. पण ठराव वाचून झाल्यावर मावशी म्हणाल्या, "तुमी माझं खरं मानलंत, लई उपकार. पर माझं पैसं माझ्या शब्दावर ठिवू नका. लिवून ठिवा." आम्ही सगळ्या गप्प झालो. बचत गटाच्या पंचसूत्रीत नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड यांच्या जोडीला हिशेब का आहे, ते त्या दिवशी नीट उमजलं.

आता आम्ही काय करतो ते सांगतो, तुम्हीही करा. हिशेब तीन ठिकाणी ठेवतो. एक कॉम्प्युटरमध्ये, एक पेन ड्राइव्हवर आणि एक कागदी वहीत. दर बैठकीनंतर फाईल पेन ड्राइव्हवर घेतो, उघडून बघतो, मग ‘इजेक्ट’ करून पेन ड्राइव्ह काढतो. तो कॉम्प्युटरच्या खोलीत ठेवत नाही, अध्यक्षांच्या घरी कपाटात असतो. खोलीत पाणी शिरलं तर दोन्ही एकदम जायला नकोत. त्यात बायकांचे खाते क्रमांक असतात, म्हणून तो पेन ड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानात देत नाही.

बिघाड झाला तर आधी घरीच बघतो. बटण दाबून दिवाच लागला नाही, पंखा फिरला नाही, तर प्लग आणि वायर तपासायची. तरीही नाही, तर बहुधा हार्डवेअर, कदाचित फक्त पॉवर सप्लाय. सगळं सुरू होतं पण अडकतं, किंवा मराठी अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात, तर बहुधा सॉफ्टवेअर. नक्की काय ते दुकानदार सांगेल, पण आपल्याला अंदाज असला की बोलता येतं.

दुकानात चार प्रश्न विचारायचे. बिघाड हार्डवेअरचा की सॉफ्टवेअरचा? आमचा डेटा आधी काढून देता येईल का? तो काढला हे आम्हाला उघडून दाखवाल का? भाग बदलला तर जुना भाग परत द्याल का? आणि समोरचा काही म्हणाला आणि समजलं नाही, तर सरळ म्हणायचं, "दादा, मराठीत सांगा, मग हो म्हणू." यात लाज कसली? त्याला आपलं अंतर्गत कर्ज तरी कुठं समजतं.

येत्या बैठकीत एक काम करा. गटाचा कॉम्प्युटर किंवा हिशेबाचा फोन मध्ये ठेवा आणि सगळ्या मिळून एकच गोष्ट शोधा, आपला हिशेब नेमका कुठं साठवला आहे. उत्तर एकीलाच माहीत असेल तर तिनं ते बाकीच्यांना दाखवावं. कुणालाच माहीत नसेल तर त्याच दिवशी नक्कल करून ठेवा.

तुमच्या शंका रेडिओ केंद्रावर कळवा, पुढच्या वेळी त्यांच्यावर बोलू. तोवर वही लिहीत राहा. नमस्कार.