चारी चाकांची जुनी गाडी

जुनी गाडी घेतलेल्या माणसाला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. एक, केवढ्याला पडली? आणि दुसरा, ॲव्हरेज काय देते? ती थांबते कशी, हे मात्र कोणी विचारीत नाही. मीही विचारले नव्हते. गेली काही वर्षे माझ्याजवळ एक जुना फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप आहे, जीपच्या घराण्यातला. त्या न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला अकोले तालुक्यातल्या एका उतारावर मिळाले. त्याविषयीच आज थोडे बोलावयाचे आहे. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो, तेव्हा यंत्रशास्त्र हा काही माझा विषय नव्हे. पुढे जे सांगणार आहे त्यातले निम्मे मिस्त्रीकडून ऐकलेले आणि निम्मे माझ्या चुकांनी शिकवलेले आहे, हे आधीच कबूल करतो.

आमच्या नगरला अशा गाड्यांचे अप्रूप नाही. (२०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, परंतु एस.टी.त तिकीट मागताना माणूस अजून ‘एक नगर’ असेच म्हणून जातो.) शहर लष्कराचे. रणगाडा दलाचे प्रशिक्षण केंद्र इथे, वाहन संशोधन व विकास संस्था वाहननगरला, आणि १९९४ साली उघडलेले रणगाड्यांचे संग्रहालयही इथेच. लष्करातून बाद झालेल्या गाड्या लिलावात निघत, आणि त्या उघडून, घासून, पुन्हा जोडून चालत्या करणारे हात गावात तयार होत. शिवाय जीप ही काही आपल्याला परकी वस्तू राहिलेली नाही. अमेरिकेतल्या विलीज कंपनीने १९४१ साली ती सैन्यासाठी बनवायला घेतली. १९४७ पासून महिंद्रांनी ती मुंबईत जोडावयास आरंभ केला, आणि पुढे कित्येक वर्षे तिच्याच सांगाड्यावर, तिच्याच पाट्यांवर कधी प्रवासी गाडी तर कधी हौद्याचा पिकअप उभा राहत गेला. प्रवरेचा सहकारी साखर कारखाना १९५० साली सुरू झाला. मग कारखाने वाढत गेले, आणि चेअरमन म्हटला की जीप, हे समीकरण आपल्या ग्रामीण कथालेखकांनी इतके वापरले की परीक्षेच्या उत्तरपत्रिकांतसुद्धा ते मला अधूनमधून भेटते.

पण गरज शोभेची नाही, खरीच आहे. जिल्हा केवढा थोरला! क्षेत्रफळाने राज्यात पहिला. पूर्वेला पाथर्डी, जामखेडचा शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसलेला असतो, आणि त्याच दिवशी पश्चिमेला घाटघर, रतनवाडीकडे छत्री उघडून उपयोग नाही असा पाऊस कोसळत असतो. तिकडे लाल चिखल आणि चढ. इकडे नेवासे, शेवगावला काळी जमीन; ती भिजली की टायरच्या नक्षीत असे लिंपण बसते, की टायर नवा आहे की गुळगुळीत, हे ओळखू येऊ नये. अशा वेळी चारी चाकांना ताकद मिळणारी गाडी ही चैन नव्हे.

आता ही ताकद मिळते कशी, ते पाहू. गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक पेटी असते, तिला ट्रान्स्फर केस म्हणतात. तिच्यातून एक दांडा मागच्या ॲक्सलकडे जातो, एक पुढच्या. एरवी मागचाच दांडा काम करतो. आपण छोटा लिव्हर ओढला की पुढचाही फिरू लागतो. दुसरा लिव्हर ‘लो’ला टाकला की गाडीचा वेग जवळजवळ निम्म्याने उतरतो आणि ओढ तितकीच वाढते. यात एक गंमत आहे. आपण ‘चारी चाके’ म्हणतो खरे, पण प्रत्येक ॲक्सलमध्ये डिफरन्शियल असते, आणि त्याचा स्वभाव असा की जे चाक सैल सुटले त्यालाच तो फिरवत बसतो. म्हणजे पुढचे एक आणि मागचे एक चाक अधांतरी झाले, की चार चाकांची गाडी जागच्या जागी भिरभिरत राहते. चढण्यासाठी चारी चाके हवीत, हे सगळेच सांगतात. माझे स्वतःचे मत असे झाले आहे, की या गाडीतली खरी मौल्यवान वस्तू म्हणजे तो ‘लो’चा लिव्हर, आणि तो चढापेक्षा उताराला अधिक कामाचा.

हे शहाणपण मला पुढे आले. पहिल्या महिन्यात मी केले काय, तर चिखलातून बाहेर पडल्यावरही चारी चाके जोडलेलीच ठेवून डांबरी रस्त्याने खुशाल घरी आलो. वळणावर गाडी अडखळू लागली, कोणीतरी मागून धरून ठेवावे तशी. लिव्हर काढायला गेलो तर निघेना. मिस्त्रीकडे गेलो, तर तो हसला. “सर, गाडी मागं घ्या दहा-वीस फूट. सरळ. आता ओढा.” लिव्हर लोण्यातून सुरी निघावी तसा निघाला!

कारण साधे आहे. वळण घेताना पुढची चाके मागच्यांपेक्षा लांबचा फेरा मारतात. पुढचा-मागचा दांडा मात्र एकमेकांशी जखडलेला. चिखलात चाक जरा घसरून हा फरक फेडून टाकते, डांबरावर ते घसरत नाही. मग तो फरक दांड्यांत पीळ होऊन साठत जातो, आणि एके दिवशी क्रॉस तुटतो नाहीतर दाता. म्हणूनच जुन्या फोर-व्हील गाडीला दोन टायर नवे आणि दोन जुने घालू नयेत. झिजलेल्या टायरचा घेर कमी, नव्याचा जास्त; चारी चाके जोडली की सरळ रस्त्यावरसुद्धा पीळ चढत राहतो. पैसे वाचवण्यासाठी पुष्कळ लोक हे करतात. मीही केले होते.

आता त्या उताराकडे येतो. गाडी हाताशी आली की माणसाला ती उंच करावीशी वाटते. मूळचे टायर सुमारे २८ इंच व्यासाचे होते. मी ३१ इंची बसवून घेतले. त्यांना जागा व्हावी म्हणून मागेपुढे पाटे चढवले. गाडी दिसू लागली, ते काही विचारू नका! महाविद्यालयाच्या आवारात मुले तिच्याजवळ उभी राहून फोटो काढू लागली. जिथे काम करून घेतले त्या गॅरेजवाल्याने ब्रेकचा विषय काढला नाही, आणि मलाही सुचले नाही.

ऑगस्टात सासुरवाडीच्या घराच्या दुरुस्तीसाठी पत्रे आणि लोखंड घेऊन निघालो होतो, राजूरच्या पुढे. शेजारी मेहुणा. नुकताच एक ओढा ओलांडला होता. पाणी चाकाच्या निम्म्यापर्यंत आले होते, पण गाडी डौलात पार झाली, त्या खुशीत होतो. पुढे उतार लागला. ब्रेक दाबला, तर पाय नुसता खाली गेला आणि गाडी आपल्या मनाने चालली. पुन्हा दाबला. थोडी धरली, पुन्हा सुटली. खाली वळणावर शाळा सुटलेली पाच-सहा मुले छत्र्या घेऊन चालली होती. मेहुणा ओरडला, “दाजी, गिअर टाका की खालचा!” दुसरा गिअर पडला. इंजिनाने आक्रोश केला, आणि मी डाव्या बाजूच्या मातीच्या दरडीला गाडी घासत नेली. मुले वळणाच्या कडेला उभी राहून आमच्याकडे बघत होती. गाडी त्यांच्या अलीकडे थांबली. किती अलीकडे, ते मी मोजले नाही.

दिवा फुटला, मडगार्ड वाकले. एवढेच.

मिस्त्रीने चारी ड्रम उघडले. लायनर झिजलेले होतेच, वर पाणी बसलेले. ड्रमब्रेकमध्ये पाणी गेले की लायनर घसरतो. ओढा ओलांडल्याबरोबर हलका ब्रेक दाबून थोडे अंतर चालवायचे, म्हणजे घर्षणाच्या उष्णतेने पाणी उडून जाते. ही गोष्ट प्रत्येक जुन्या ड्रायव्हरला ठाऊक, मला नव्हती. परंतु मिस्त्री म्हणाला ते वेगळेच. “सर, गाडीला बूट मोठे घातले. पाय तेवढेच राहिले ना.”

त्याने खडूने जमिनीवर दोन वर्तुळे काढली. ब्रेक पकडतो तो चाकाच्या मध्याजवळ, ड्रमवर. जमीन मात्र चाकाच्या कडेला. कड जितकी दूर गेली तितका ब्रेकचा जोर जमिनीपर्यंत पोचताना कमी झाला. २८चे ३१ केले म्हणजे पाय तेवढाच दाबून धरण्याची ताकद जवळजवळ एक दशांश गेली. बरे, वेग तरी कळावा! तोही नाही, काटा ४० दाखवी तेव्हा गाडी ४४ने धावत असे. चाक मोठे झाल्यामुळे प्रत्येक गिअर लांबला, म्हणून उतारावर इंजिन गाडीला पूर्वीइतके अडवीना. चढवलेल्या पाट्यांमुळे प्रॉपेलर शाफ्टचा कोन वाढला होता आणि क्रॉस खडखडू लागला होता. पुढच्या ॲक्सलचा कल बदलल्याने स्टिअरिंग भरकटत होते, तो दोष मी इतके दिवस रस्त्यावर ढकलीत आलो होतो. केलेला बदल एक. पण त्याचा भार गाडीभर कुठे कुठे जाऊन बसला होता, पाहा.

मग आम्ही उलटी सुरुवात केली. आधी गाडी जशी कारखान्यातून निघाली होती तशी करायची, बदलाचे मागून बघू. मिस्त्रीने क्रम लावला तो असा, की पहिल्यांदा थांबणे, मग वळणे, मग धरून राहणे, आणि सर्वात शेवटी पळणे. थांबण्यासाठी लायनर, चाकांतले सिलिंडर, नळ्या आणि तेल सगळे नवे. वळण्यासाठी स्टिअरिंगचे बॉल जॉइंट आणि पुढच्या चाकाच्या पिना. धरून राहणे म्हणजे सांगाडा. चासीवर हातोडीने टकटक करत तो इकडून तिकडे गेला. चांगले लोखंड खणखणते, गंजलेले बद्द वाजते. मागच्या पाट्याच्या खुंटीजवळ ते बद्द वाजले. वरून रंग झकास होता! तिथे कापून नवा तुकडा जोडावा लागला. जुना पिकअप घेणार असाल तर बॉनेट उघडण्याच्या आधी ही हातोडी हातात घ्या. इंजिन बदलता येते, सांगाडा बदलला तर ती दुसरीच गाडी झाली.

इंजिनाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. ते चांगले होते.

टायर पुन्हा मूळ मापाचे घातले, चारी सारखे. चिखलासाठी त्यांची नक्षी मात्र खोल घेतली. काळ्या रानात शिरताना हवा थोडी उतरवायची, म्हणजे टायर पसरतो आणि रुतत नाही. रस्त्यावर आल्यावर पुन्हा भरायची, नाहीतर टायर तापतो. त्यासाठी गाडीत एक हवा भरायचा पंप ठेवला. पुढे ओढण्यासाठी भक्कम हुक घेतला, तो चासीला नटबोल्टाने कसलेला, बंपरला नव्हे. इंजिनाची श्वास घ्यायची जागा पाण्यापासून दूर आहे ना ते पाहिले, आणि ॲक्सलच्या श्वासाच्या बारीक नळ्या वर नेल्या. त्या पूर्वी खालीच होत्या. तापलेला ॲक्सल एकदम थंड पाण्यात गेला की त्या वाटेने पाणी आत ओढतो. माझ्या गाडीत ‘मॉडिफिकेशन’ म्हणून जे काही उरले ते इतकेच. फोटो काढायला आता कोणी थांबत नाही.

कायद्याचे दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण याबाबत गैरसमज पुष्कळ आहे. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या ५२व्या कलमाप्रमाणे मालकाला गाडीत असा फेरफार करता येत नाही, की ज्यामुळे नोंदणीपुस्तकातला तपशील कारखान्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळातल्या एका प्रकरणात हाच अर्थ पक्का केला. इंजिन बदलायचे तर परवानगी आधी घ्यायची, काम मग. ‘पासिंगच्या वेळी बघू’ हे चालत नाही. आणि मालवाहू म्हणून नोंदलेल्या पिकअपला पहिल्या आठ वर्षांनंतर दरवर्षी योग्यतेचा दाखला लागतो. विमा कंपनीला न सांगता केलेला फेरबदल अपघाताच्या दिवशी आपल्याच अंगावर येतो, हे त्या उतारावर उभे असताना माझ्या मनात आले, तेव्हा पावसातसुद्धा मला घाम फुटला होता.

आणखी एक. १ एप्रिल २०२३पासून पंधरा वर्षे झालेल्या सरकारी गाड्यांची नोंदणी पुढे चालू ठेवली जात नाही, त्या मोडीत जातात. सैन्याच्या लढाईच्या कामाच्या खास गाड्यांना यातून सूट आहे. परंतु सरकारी खात्यांतून निघालेली जीप लिलावात घ्यायची आणि गावच्या मिस्त्रीने ती पुन्हा उभी करायची, ती वाट बरीचशी बुजली. धुराचा आणि अपघाताचा विचार केला तर या धोरणाला नावे ठेवता येत नाहीत. पण ज्यांच्या दारात अशी गाडी आहे, त्यांना तिच्या जागी तशीच दुसरी सहज मिळणार नाही, हेही खरे.

पाऊस संपला की आता मी आणि मिस्त्री एक सकाळ काढतो. दोन्ही डिफरन्शियलचा आणि ट्रान्स्फर केसचा बूच खोलून तेल थोडे बोटावर घ्यायचे. काळे असेल तर चालेल, दुधासारखे दिसले तर पाणी शिरले आहे. सगळे काढून नवे भरायचे. मग चारी क्रॉसना ग्रीस, ड्रम उघडून साफ, आणि गाडी रिकाम्या रस्त्यावर नेऊन पाच-सात वेळा नुसती थांबवून पाहायची.