सैनिकाचा अपराध, सेनानीचे उत्तरदायित्व



सैन्याचा लौकिक कमावण्यास पिढ्या खर्ची पडतात. तो गमावण्यास एक रात्र पुरते. सैनिकाकडून दुर्वर्तन घडले, तर प्रत्यक्ष अपराध्यास शिक्षा व्हावी याविषयी दुमत नसते. खरा प्रश्न पुढचा आहे. ज्यांच्या अधिकाराखाली हे घडले, त्या मंत्र्याने आणि वरिष्ठ सेनाधिकाऱ्यांनी पद सोडावे काय?

याचे बोलके उदाहरण म्हणजे बगदादजवळील अबू गरीबचा तुरुंग. २००४ च्या एप्रिलअखेरीस तेथील छायाचित्रे अमेरिकी दूरचित्रवाणीवर झळकली. विवस्त्र कैद्यांची विटंबना आणि शेजारी हसणारे सैनिक पाहून जग सुन्न झाले. ७ मे रोजी संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांनी सिनेटच्या समितीपुढे संपूर्ण जबाबदारी स्वीकारली, क्षमाही मागितली. त्यांनी दोनदा राजीनामा देऊ केला. अध्यक्ष बुश यांनी दोन्ही वेळा तो नाकारला.

मग भोगले कोणी? अकरा सैनिक दोषी ठरले. सर्वांत मोठी, दहा वर्षांची शिक्षा एका कनिष्ठ सैनिकास झाली. इराकमधील तुरुंगांची जबाबदारी असलेल्या ब्रिगेडियर जनरल जॅनिस कार्पिन्स्की यांना २००५ मध्ये कर्नलपदावर उतरविण्यात आले. त्यांच्याहून वरच्या पायरीवरील कोणावरही खटला चालला नाही. हे मूठभर बिघडलेल्यांचे कृत्य, असे शासनाचे म्हणणे होते.

परंतु कागद निराळेच सांगत होते. डिसेंबर २००२ मध्ये ग्वांटानामो येथील चौकशीसाठी कैद्यांचे कपडे उतरविणे, कुत्र्यांचे भय दाखविणे, चार तासांपर्यंत उभे ठेवणे अशा पद्धतींना रम्सफेल्ड यांनीच संमती दिली होती. आपण स्वतः दिवसाला आठ-दहा तास उभे असतो, मग मर्यादा चारच तासांची का, असा शेराही त्यांनी स्वहस्ते मारला. काही आठवड्यांत ही संमती मागे घेतली गेली, पण वरून गेलेला संकेत मागे घेता येत नसतो. अबू गरीबचा प्रकार केवळ काही सैनिकांच्या स्वैर वागण्यातून घडला नाही, असाच निष्कर्ष सिनेटच्या सैन्यविषयक समितीने २००८ मध्ये काढला.

यावर आक्षेप घेतला जातो की, लाखांच्या सैन्यातील प्रत्येक बराकीवर मंत्री कसा लक्ष ठेवणार? युद्ध चालू असता नेतृत्व बदलले तर शत्रूचेच फावणार नाही काय? आक्षेप निराधार नाहीत. प्रत्येक शिपायाच्या चुकीसाठी मंत्र्याने जावे, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. म्हणून तीन कसोट्या लावाव्यात. दुर्वर्तनाचे बीज वरच्या आदेशात होते काय? कळल्यावर ते तत्काळ थांबविले काय? सत्य दडविले तर नाही? यांपैकी एकाही कसोटीवर पद टिकत नसेल, तर राजीनामा हेच कर्तव्य ठरते.

जर्मनीत तिसरी कसोटी लागली. ४ सप्टेंबर २००९ रोजी अफगाणिस्तानातील कुंडुझजवळ जर्मन अधिकाऱ्याच्या मागणीवरून झालेल्या हवाई हल्ल्यात अनेक नागरिक मेले. त्यासंबंधीची माहिती दडविल्याचे उघड होताच नोव्हेंबरात सरसेनापती श्नाइडरहान पायउतार झाले. पाठोपाठ, हल्ल्याच्या वेळी संरक्षणमंत्री असलेले आणि तोवर कामगारमंत्री झालेले युंग यांनीही पद सोडले. जर्मन सैन्य त्यामुळे खचले नाही.

राजीनामा ही गुन्ह्याची कबुली नव्हे आणि चौकशीला पर्यायही नव्हे. अधिकाराबरोबर आलेले ऋण फेडण्याची ती रीत आहे. रम्सफेल्ड अखेर नोव्हेंबर २००६ मध्ये, निवडणुकीतील पराभवानंतर गेले. आपण २००४ मध्येच जावयास हवे होते, ही खंत त्यांनी २०११ च्या आत्मचरित्रात नोंदविली.

महाराष्ट्राला हा विचार परका नाही. चिपळूणच्या छावणीस शिवछत्रपतींनी धाडलेले पत्र प्रसिद्धच आहे. दाणागोटा आधीच उधळला, तर उपाशी लष्कर रयतेच्या घरात शिरेल, हे महाराजांनी ओळखले होते. ती ताकीद जुमलेदार, हवालदार व कारकुनांना होती, साध्या शिपायाला नव्हे. शिपायाचा हात वाहवतो, तेव्हा त्याचे कारण अनेकदा वरच्याच्या बेपर्वाईत असते.

सैन्याचा अभिमान बाळगणाऱ्यांनीच हा आग्रह धरला पाहिजे. विजयाचा मान जो स्वीकारतो, त्याने कलंकाचा भारही उचलावा. नाहीतर तो सारा भार सर्वांत खालच्या सैनिकाच्या माथी येतो.